समोरून काढलेला मासा

ओळखपत्राच्या फोटोला बसलेल्या प्रत्येकाला "हनुवटी जरा खाली, आता श्वास सोडा" असं सांगता सांगता त्याचं नावच हनुवटी पडलं होतं. तोंडावर हनुवटीकाका, पाठीमागे नुसताच हनुवटी. घरात मात्र तो 'धाकट्या'. साठी उलटून गेली, दिवा घेऊन शोधला तरी डोक्यावर काळा केस सापडत नव्हता. पण थोरला भाऊ हयात असेपर्यंत माणसाला मोठं व्हायची सोय नसते.

थोरला म्हणजे दादा. जन्मभर पुलांचे नकाशे काढले आणि एका सकाळी त्याची उजवी बाजू लुळी पडली. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. दादाला वेळ झाला नाही, आणि दादाच्या आधी आपण कसं करायचं म्हणून धाकट्याचं राहिलं. पुढच्या खोलीत स्टुडिओ, मागच्या खोलीत दादाची खाट, मध्ये पडदा. लोक मोबाइलवर फोटो काढायला लागल्यापासून पुढे गिऱ्हाईक फिरकेना, आणि दादा खाटेला खिळल्यापासून मागे कोणी पाहुणा.

दादाने आधी वर्तमानपत्र सोडलं, मग रेडिओ, मग धाकट्यावर खेकसणंही सोडलं. तेव्हा धाकटा घाबरला. समोर काहीतरी हलतं-चालतं ठेवा, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून माशांची टाकी आली. रंगीबेरंगी माशांकडे दादाने ढुंकूनही बघितलं नाही. पण त्यांच्या पिशवीतून चुकून आणखी एक जण आला होता. बोटाएवढा, मातकट, चपट्या डोक्याचा, तोंडाभोवती मिश्या. टाकीतल्या फुटक्या मडक्यात तो दिवसभर बसायचा आणि तोंड तेवढं बाहेर काढून जगाकडे नापसंतीने बघायचा.

"हा आपल्यातला आहे," दादा म्हणाला आणि हसला. अर्धंच तोंड हसलं, पण हसलं.

तिथून दादाचा दिवस त्या मडक्यापाशी सुरू व्हायला लागला. मिशाळराव उठले का, मिशाळराव रुसले का. एकदा तर त्याने धाकट्याला मूर्ख म्हटलं, आणि धाकट्याला इतकं बरं वाटलं की त्याने पडद्याआड जाऊन डोळे पुसले.

फक्त मिशाळराव काही खात नव्हता. दुकानदार म्हणाला, कॅटफिश आहे, काय द्याल ते खाईल. गोळ्या टाकल्या, काकडीची चकती टाकली, अळ्या टाकल्या. सगळं रंगीत माशांनी फस्त केलं. कॅटफिशच्या जाती ढिगाने असतात आणि एकीचं जेवण दुसरीला विष, असंही धाकट्याला कुणीतरी ऐकवलं. म्हणजे हा कोण, ते कळल्याशिवाय याला वाढायचं काय ते कळणार नव्हतं.

धाकट्याने मोबाइलवर मासे पाळणाऱ्यांचा एक गट गाठला आणि फोटो टाकले. आयुष्यभराची विद्या पणाला लावली होती. टाकीमागे पांढरा कागद, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड, मासा बरोबर समोरून, दोन्ही डोळे एका रेषेत, मिश्या स्वच्छ. गटात हशा पिकला. मासा नोकरीला अर्ज करतोय का, असं एकाने विचारलं. दुसऱ्याने पत्ता आणि रक्तगटही मागितला. एकाने मात्र बाजूने काढा म्हणून सांगितलं होतं. पण बाजूने काढलेल्या फोटोत चेहरा कुठे दिसतो? धाकट्याने पुन्हा समोरूनच काढला, आणखी स्पष्ट. फोटो गटात फिरत राहिले, तर्क होत राहिले आणि आठवडे गेले.

शेवटी गटातल्या एक बाई, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या, त्यांनी फोनच केला. म्हणाल्या, काका, माशाला चेहऱ्यावरून नाही ओळखत. पर, पाठ, पोट, शेपटी, सगळं बाजूने दिसलं पाहिजे.

मग फोटोफ्रेमच्या काचा चिकटवून धाकट्याने माशाला वळता येणार नाही इतकी अरुंद पेटी केली आणि पाण्याने भरली. माशाला जाळीत धरताना त्याच्या पराचे काटे धाग्यांत अडकले. कात्रीने एकेक धागा कापून सोडवावं लागलं. दादा खाटेवरून ओरडत होता, हळू रे, हळू. मासा पेटीत उभा राहिला. पहिल्यांदाच अख्खा, बाजूने दिसला.

फोटो गेला आणि बाईंचा फोन आला. जातीचं त्या काहीच बोलल्या नाहीत.

"काका, याचं पोट तर पार खपाटीला गेलंय. कधीपासून?"

धाकट्याने आपले जुने फोटो काढून बघितले. समोरून बघितलं की डोकं तेवढं रुंद दिसायचं. मागे काही उरलंच नव्हतं.

त्या आठवड्यातच मासा मडक्यात पडून राहिला तो राहिलाच. बाई म्हणाल्या, स्पिरिटमध्ये घालून पाठवा, आता तरी नक्की सांगता येईल. दादाला विचारलं, तर त्याने डावा हात हलवला. पाठव.

बाईंचा फोन आला तेव्हा धाकटा दादाच्या खाटेशीच बसला होता. त्यांनी पराचे काटे मोजले होते, दात बघितले होते, दोन जाणकारांना दाखवलंही होतं. कुठल्याच नोंद असलेल्या जातीशी जुळत नव्हता. नवाही असेल, दोन जातींचं मिश्रणही असेल. एकट्या माशावरून सांगणं कठीण. आणि खात काय असेल, धाकट्याने विचारलं. ते पोटात जे सापडतं त्यावरून कळतं, बाई म्हणाल्या. पोटात काहीच नव्हतं.

धाकट्याने फोन खाली ठेवला. दादा त्याच्याकडे बघत होता.

"कोण होता?"

"नाही कळलं."

"खायचा काय?"

काहीतरी ठोकून द्यावं, असं धाकट्याच्या मनात आलं. पण दादाशी खोटं बोलणं त्याला लहानपणापासून जमलं नव्हतं.

"तेही नाही, दादा. पोट रिकामं होतं."

दादाने मडक्याकडे बघितलं. रंगीत मासे इकडून तिकडे पळत होते. मग त्याने मान भिंतीकडे वळवली.

"ते मासे देऊन टाक कुणाला तरी," तो म्हणाला. "आणि तो पंपही बंद कर. बुडबुड ऐकलं की वाटतं, आत कोणीतरी आहे."

धाकट्याने कळ दाबली.