गोल झाला, हात खालीच

इंग्लंडला निघालो तेव्हा कोल्हापूरच्या स्टँडवर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला मिठी वगैरे मारली नाही. आमच्यात तसली पद्धत नाही. त्यांनी बुटांची पिशवी माझ्या हातात दिली आणि कंडक्टरला म्हणाले, "पोरगं फॉरवर्डला खेळतंय, खिडकीजवळ बसवा." फॉरवर्डचा खिडकीशी काय संबंध, हे कोल्हापुरात कुणी विचारत नाही. कंडक्टरनं बसवलं.

नॉटिंगहॅमला आलो, हॉस्पिटलच्या आयटीत चिकटलो. कौन्सिल टॅक्स, कचऱ्याचा कुठला बिन कधी बाहेर ठेवायचा, सगळं अंगवळणी पडलं. पण आतलं काहीतरी बधिर झालं. दुखत नाही, हीच माझी तक्रार. पेठेतल्या दोस्तांनो, तुम्ही फोनवर "मजेत ना?" विचारता, मी "मजेत" म्हणतो आणि भांडी घासायला लागतो.

रविवारी मुलीला फुटबॉलला नेतो. तिचा कोच रेनातो, इटलीचा, एकेकाळचा स्ट्रायकर. गावच्या क्लबात वाढला, शेजारच्या शहरातल्या मोठ्या क्लबनं उचलला. पुढं गुडघा गेला, इंग्लिश बायकोमागं तो इथं आला आणि आता पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधतो. एकदा चहा पिताना त्यानं सांगितलं, की मोठ्या क्लबकडून त्याचा पहिला गोल नेमका आपल्याच गावाविरुद्ध झाला. गोल झाल्यावर तो हात खाली सोडून, मान खाली घालून परत चालत गेला. जुन्या क्लबविरुद्ध गोल केला की आनंद करायचा नाही, ही त्यांची रीत.

मला आबाच आठवले. मीही आपल्या पेठेचा संघ सोडून पलीकडच्या पेठेच्या संघाकडून खेळलो होतो. गल्लीत माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं. आपल्या पेठेशी मॅच होती त्या सकाळी आबा म्हणाले, "गोल मार. पण नाचायचं न्हाई." मी मारला, नाचलो नाही. त्या संध्याकाळी आबांनी स्वतः मला मटण वाढलं.

गेल्या महिन्यात मी ब्रिटिश नागरिक झालो. मुलीसाठी, नोकरीसाठी तेच सोयीचं. पण मग भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो. आबांना हे आधीच सांगितलं होतं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पोरीला फोन दे." त्यानंतर ते फक्त नातीशीच बोलत. ते मला आता आपला धरतात की नाही, हे विचारायची माझी छाती नव्हती.

समारंभात शपथ झाली, मेयरबाईंनी सर्टिफिकेट दिलं. शेजारचा माणूस हात उंचावून ओरडला. माझे हात काही वर जाईनात. मृणाल, माझी बायको, फोन धरून म्हणत होती, "अरे, स्माइल कर ना, सगळे फोटो सॅड येतायत." पाहुण्यांत बसलेला रेनातो तिला म्हणाला, "राहू दे. त्यानं जुन्या क्लबविरुद्ध गोल केलाय." मृणालला काही कळलं नाही. तिनं तोच फोटो आबांना पाठवला.

घरी पोचायच्या आत आबांचा फोन. या वेळी नातीला नाही, मला.

"फोटो बघितला."

"हं."

"नाचला न्हाईस."

"नाही, आबा."

"बरं. जेवलास का?"

मी गाडी बाजूला घेतली. बऱ्याच वर्षांनी काहीतरी दुखलं, नीट दुखलं. मृणाल विचारत होती, काय झालं. घर कुठलं, असं आता कुणी विचारलं तर मी सांगेन, ज्यांच्याविरुद्ध गोल मारून नाचता येत नाही, ते. आबांना म्हटलं, "जेवतो आता."