उत्तरेची खोली

विलास गेल्याची बातमी मला जिन्यात कळली. मार्च संपत आला होता, मी भाजीची पिशवी घेऊन वर निघाले होते आणि मनजीत, त्याची बायको, खालच्या दारात अनवाणी उभी होती. "दीदी, विलास नहीं रहे," ती म्हणाली. मोहालीतल्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये तो सकाळपासून एकटाच बसला होता. घरमालक दुपारी किल्ली घ्यायला आले, तेव्हा खुर्चीतच मान कलंडलेली. मनजीतचा आवाज अगदी सरळ होता. मग ती म्हणाली, "मम्मी जी को आप बताइए. मुझसे नहीं होगा." आत समोरच्या खोलीत काकू, म्हणजे विलासची आई, उन्हात बसून मेथी निवडत होत्या. मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, आणि तरी आणखी दोन-चार काड्या निवडल्याच... हात थांबायला वेळ लागला. त्या दिवसाचं मला एवढंच नीट आठवतं. बाकीचं लोक सांगतात म्हणून माहीत आहे.

चंदीगढ-मोहालीतल्या बऱ्याच मराठी मंडळींच्या घरांची आतली सजावट विलास इंगोलेनं केली, त्यामुळे त्याच्यावर कुणीतरी लिहावं असं ठरलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. का, तर मी त्याच्या वरच्या मजल्यावर राहते. मी भौतिकशास्त्राची बाई. निवृत्त होईपर्यंत मोहालीच्या नॉलेज सिटीतल्या संस्थेत शिकवलं. घराच्या सजावटीतलं मला ओ की ठो कळत नाही. माझ्या हॉलमध्ये अजून लोखंडी कपाट आहे आणि विलास वर आला की त्या कपाटाकडे पाठ करून बसायचा. शिवाय गेलेल्या माणसाला देवपण द्यायची आपल्याकडे जी घाई असते, ती मला सोसत नाही. विलास हट्टी होता, वेळ पाळत नसे, आणि समोरच्याचं बोलणं संपायच्या आत उत्तर देऊन मोकळा व्हायचा. हे आधीच सांगून टाकते.

घर मनजीतच्या वडिलांचं. चंदीगढच्या एका सेक्टरातलं जुनं विटांचं घर, पुढे हिरवळीचा तुकडा, खाली ती दोघं, वरचा मजला भाड्यानं. मी तो बघायला आले तेव्हा विलासनं नोकरी, गाव, शाकाहारी की मांसाहारी यातलं काहीच विचारलं नाही. "ताई, सकाळचा चहा कुठं पिता?" म्हणाला. मी म्हटलं, "कपात." तो मोठ्यानं हसला आणि मला घेऊन पुढच्या बाल्कनीत गेला. "इथं प्या. हिवाळ्यात ऊन थेट दारापर्यंत येतं, मेमध्ये वरचा छज्जा एक कवडसा आत येऊ देणार नाही." मी सूर्याचे कोन कागदावर मांडून शिकवलेली बाई, पण छज्ज्याची लांबी पाहून ऊन कुठल्या लादीवर थांबेल हे सांगणं मला जमलं नसतं. त्याला जमायचं. डिसेंबरात मी मुद्दाम पाहिलं... बरोबर होतं. मला थोडा रागच आला.

त्याची कामाची पद्धत लोकांना वेडेपणाची वाटे. नवं घर हाती आलं की एक घडीची खुर्ची घेऊन तो तिथे अख्खा दिवस बसायचा, आणि मालकांनाही बोलवायचा. नकाशा नाही, रंगांची पुस्तकं नाहीत. बडे पंजाबी शेठ तासाभरात वैतागून जात. "इंगोले जी, चाय तो पिला दो कम से कम," असं म्हणणारे बरेच असत. तो चहा पाजायचा आणि बघत राहायचा. रिकाम्या घरात माणूस कुठे जाऊन उभा राहतो, बायको कुठल्या खिडकीपाशी फोनवर बोलते, म्हातारं माणूस कुठे टेकतं... त्यावरून घर ठरायचं. माणसाला विचारून काही कळत नाही, असं त्याचं ठाम मत. माणूस फोटोत पाहिलेलंच सांगतो.

फोटोंची त्याला चीडच होती. आयटीतलं एक पुण्याचं जोडपं खाली त्याच्या ऑफिसात आलं होतं, तेव्हा मीही तिथे होते. ऑफिस म्हणजे घराची पुढची, दक्षिणेची मोठी खोली. भिंतीशी फरशीचे तुकडे, शिसमच्या फळ्या, चुन्याच्या गिलाव्याचे नमुने. मुलानं फोन पुढे केला. "दादा, एकदम नॅचरल लुक पाहिजे, यार." फोटोत लाकडाच्या रेषा छापलेल्या टाइल्स होत्या आणि प्लास्टिकचा वेल. विलासनं विचारलं, "लुक पाहिजे का लाकूड पाहिजे?" मुलगी म्हणाली, "मेंटेनन्स नको दादा, दोघंही ऑफिसला असतो." "मग लुकच घ्या," हा म्हणाला, "फोटो काढा, आणि राहायला हॉटेलात जा." मला वाटलं गेलं गिऱ्हाईक. तर पुढच्या आठवड्यात दोघं हजर. त्यांच्या घरी त्यानं छताला खोटं छत लावू दिलं नाही, भिंतींना पिवळ्या मातीचा रंग मिसळलेला चुना दिला, मनीमाजऱ्याच्या वखारीतून शिसम आणून नुसतं तेल पाजलं, सोफ्याऐवजी सरकंड्याच्या गवताचे विणलेले मुढे, म्हणजे बुटक्या खुर्च्या, ठेवल्या. पहिल्याच महिन्यात कोट्याच्या फरशीवर हळद सांडली आणि मुलीचा रडवेला फोन आला. हा म्हणाला, "अभिनंदन. आता घर तुमचं झालं." दगडावर डाग पडतो, लाकूड उन्हानं काळवंडतं, चुना पावसाळ्यात ओला दिसतो, हे ज्याला चालत नाही त्यानं प्लास्टिकमध्ये राहावं, असं तो तोंडावर सांगायचा. ते दोघं आता रविवारी सकाळी जमिनीवर बसून नाश्ता करतात. मी पाहिलंय.

आणि हाच माणूस आईच्या खोलीत साफ चुकला.

वडील गेल्यावर काकू अमरावतीला एकट्या होत्या. मुलीकडे, म्हणजे त्याच गावातल्या शोभाकडे, त्यांना राहायचं नव्हतं आणि इकडे यायची तर मुळीच तयारी नव्हती. अनोळखी भाषा, अनोळखी गाव. विलासनं दोन वर्षं पिच्छा पुरवला, तेव्हा त्या एवढं कबूल झाल्या की एक हिवाळा राहून बघायचं आणि नाही जमलं तर परत. परतीचं तिकीट त्यांनी आधीच काढून घेतलं होतं. मग हा माणूस पिसाटल्यासारखा कामाला लागला. मागची, उत्तरेची खोली त्यानं आईसाठी घेतली. काळसर शहाबादी फरशी ट्रकनं मागवली, भिंतींना जाड चुना, खिडकी बुटकी करून तिला बांबूच्या काड्यांचा गुंडाळता येणारा पडदा, म्हणजे चिक, दाराला वाळ्याचा पडदा, आणि एक सुतळीची बाज. वऱ्हाडातल्या माणसाला उन्हापासून लपायला जागा मिळाली की आणखी काही नको असतं, आणि त्याच्या लहानपणी आईला असा कोपरा कधी मिळाला नव्हता. पत्र्याच्या स्वयंपाकघरात तिचे उन्हाळे गेले होते. हे त्यानंच मला सांगितलं होतं, फरशी बसवून घेताना. मनजीत दारातून म्हणाली, "सर्दी में इस कमरे में धूप नहीं आती, जी. मैं यहीं पली हूँ." त्यानं वर न बघता उत्तर दिलं, "तुम हमारे लोगों को नहीं जानतीं." त्या खोलीत त्याची ती घडीची खुर्ची एक दिवसही पडली नाही. आईला तिथे आधी बसवून बघणंही झालं नाही. त्याला वाटलं, हिला काय बघायचं, हिला तर मी ओळखतो.

काकू दिवाळीला आल्या. खोली पाहून त्यांनी भिंतीला हात लावला आणि डोळे पुसले. विलास त्या दिवशी इतका खूश होता की त्यानं माझ्या कपाटालाही चांगलं म्हटलं. मग डिसेंबर आला, धुकं आलं, आणि आठवडाभर सूर्य दिसेना. दिसला तरी मागच्या बाजूला त्याचा पत्ता नव्हता. फरशी बर्फासारखी. अशा एका दुपारी माझी बेल वाजली. काकू दोन मोजे, शाल आणि कानाला मफलर अशा थाटात उभ्या. "तुमची तुळस पाह्याले आली, बाई. बसू का जराशी?" तुळस बाल्कनीत होती आणि बाल्कनीत ऊन होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना सुई हवी होती. मग वाटीभर वरण द्यायचं होतं. मग सुई परत करायची होती. खाली हिरवळीवर मस्त ऊन असे, पण तिथे बसलं की ऑफिसातून विलासला दिसणार. म्हणून गुडघे धरत जिना चढायचा. मी शेवटी म्हटलं, अहो, सांगा ना त्याला. त्या घाबरल्याच. "त्याले सांगू नोका, बाई. लय जीव लावून केली त्यानं ते खोली. पोराले वाईट वाटंन." आणि मग, ऊन पायांवर घेत, "हिवाळा सरला का जाईनच मी." म्हणजे हे असं होतं. पोराचं मन मोडू नये म्हणून त्या गारठ्यात झोपणार, आणि गारठ्यामुळे पोराला सोडून जाणार. मला त्यांचा मनापासून राग आला होता आणि तितकीच मायाही वाटत होती.

जानेवारीत विलास माझा गीझर बघायला वर आला. काकू बाल्कनीत मुढ्यावर झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, मफलर सुटलेला, एक मोजा काढून ठेवलेला, आणि उघडं पाऊल उन्हात. तो दारात थांबला. बराच वेळ बघत राहिला, गिऱ्हाइकाच्या घरात बघायचा तसाच. त्याला समजावून सांगायची काही गरज नव्हती. काकूंना जाग आली. "सांगितलं काहून नाई तू मले?" तो म्हणाला. त्या म्हणाल्या, "तू इचारलंच कुठं?" माझ्यासमोर एवढंच बोलणं झालं. गीझर तसाच राहिला.

आठवड्याच्या आत ऑफिस मागे गेलं आणि काकू पुढच्या दक्षिणेच्या खोलीत आल्या. काकूंनी खूप विरोध केला, त्यानं ऐकून घेतलं नाही. पुढच्या खोलीत दिवसभर ऊन फिरे आणि काकू त्यामागे आपला मुढा सरकवत राहत. परतीचं तिकीट रद्द झालं. हा मात्र मागच्या खोलीत कानटोपी घालून बसायचा आणि गिऱ्हाइकं कोट न काढता शिसम बघायची. मी चिडवायचे, "विलास, तुझ्याकडे येणाऱ्यानं आधी काढा पिऊन यावं." या एका बाबतीत चिडवलेलं त्याला आवडत नसे. त्या खोलीचा विषय निघाला की तो उठून जायचा. उन्हाळा आला तेव्हा त्यानं, एअरकंडिशनरला आयुष्यभर नावं ठेवणाऱ्यानं, आईच्या खोलीत तो बसवून घेतला. पुन्हा चूक व्हायला नको म्हणून. काकू जूनमध्ये स्वेटर घालून बसत आणि मशीनच्या हवेनं डोकं दुखतं म्हणत, पण मुलाच्या पाठीमागे. असे उन्हाळे-हिवाळे गेले. इतरांच्या घरांत त्याचं काम आणखी चांगलं झालं असं सगळे म्हणतात. तो आता माणसांना विचारायलाही लागला होता. मला त्याच्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो यासाठी, आणि हे मी त्याला कधी ऐकवलं असतं तर तो उठूनच गेला असता.

तेराव्याला शोभा आली ती आईला न्यायच्या तयारीनंच. तिचंही चूक नव्हतं. मुलगा गेला, सून पंजाबी, दोघींची भाषा अर्धी हिंदी आणि अर्धी हातवाऱ्यांची. आता आईचं इथे कोण, असं तिनं सरळ विचारलं. मनजीत खाली मान घालून म्हणाली, "मम्मी जी की मर्ज़ी." काकू म्हणाल्या, "उन्हाळा होऊ दे, मंग पाहू." शोभाला कळेना, मलाही कळलं नाही. मला वाटलं, पुढच्या, उन्हाच्या खोलीतून त्यांचा पाय निघत नाही.

गेल्या आठवड्यात मनजीतनं मला खाली बोलावलं. बाहेर लू, म्हणजे इकडचा उन्हाळी तापलेला वारा, सुटली होती, रस्त्यावर माणूस नाही. "देखिए ना दीदी, क्या कर रही हैं." उत्तरेच्या खोलीत, विलासच्या फळ्या आणि दगडांच्या तुकड्यांमध्ये, काकू उशी घेऊन थेट फरशीवर आडव्या झाल्या होत्या. चिक खाली सोडलेली, आत मंद उजेड. आत पाऊल टाकलं आणि तळव्यांना गारवा लागला. मनजीत म्हणत होती, मम्मी जी, ज़मीन पर क्यों, उधर एसी चला देती हूँ. काकूंनी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "मले इथंच राहू द्या. उन्हाळ्याची हाय हे खोली. त्यानं मले पुढं नेलं ना, तवापासून दर उन्हाळ्याले मले इथं याचं होतं. पन त्यो बोलूच देत नोता, खोलीचं नाव काढलं का उठून जाये." मग फरशीवर तळहात फिरवत म्हणाल्या, "बरोबर केली होती, बाई, त्यानं. एवढं सांगाचं राह्यलं त्याले."

मी मनजीतला हिंदीत सांगायला लागले. उन्हाळ्याचं सांगितलं, दरवर्षी यायचं होतं ते सांगितलं. शेवटचं वाक्य मात्र मला सांगता येईना. मार्चपासून मी रडले नव्हते, तिथे रडले. "रहने दीजिए दीदी," मनजीत म्हणाली, "समझ गई." तिनं पायानं फरशीचे दोन नमुने बाजूला सारले, ओढणीची घडी डोक्याखाली घेतली आणि सासूच्या शेजारी दगडावर आडवी झाली. काकू भिंतीकडे जरा सरकल्या आणि त्यांनी तिला जागा करून दिली.