मामांचं बिनध्यान

शांत बसायला माझ्या मामांइतका भ्यायलेला माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. फौजेत उमेदीची वर्षं घालवून आलेले मामा; पण थोरल्या भावाला अर्धांगवायू झाला तेव्हापासून स्वतःच्या रक्तदाबाला इतके घाबरत, की मनगटावर बोट ठेवूनच जेवत. सांगलीच्या एका दवाखान्यात ध्यानानं रक्तदाब उतरतो का, याचं संशोधन निघालं तेव्हा त्यांचं नाव मीच घातलं. चिठ्ठ्या पडल्या. निम्म्यांना ध्यान शिकवणार, निम्म्यांना नाही. मामा निघाले बिनध्यानवाले. "गोळ्या चालू ठेवा, नेहमीसारखं राहा, फक्त तीन महिने ध्यान करू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मामांनी टाचा जुळवल्या.

तिथून जिवाला घोर लागला. चुकून ध्यान लागलं तर? आपल्यापायी सगळं विज्ञान बुडायचं! मामा आरतीत डोळे मिटेनात, भजन रंगलं की उठून जायला लागले, एसटीत खिडकीशी बसेनात. तरी घात व्हायचाच, आणि मामा तो दवाखान्यानं दिलेल्या वहीत इमानानं लिहीत : 'सायंकाळी सात मिनिटे मन शांत झाले. हेतू नव्हता.' संध्याकाळी मामी पायरीवर घेवडा सोलायची आणि मामा शेजारी बसायचे. घात रोज तिथंच होतो हे ध्यानात आल्यावर त्यांनी आपला पाट उचलून गोठ्याशी नेला आणि 'पत्नीशेजारी बसणे बंद' अशी नोंदही वहीत केली.

"आवं, मी काय इंगळी हाय व्हय, लांब सरताय ते?" मामी म्हणाली.

"इग्यान हाय ते. तुला न्हाई कळायचं."

मामी हसली नाही. मला ते खटकलं.

शेवटच्या तपासणीत रक्तदाब चढलेला निघाला. डॉक्टरीणबाई वही चाळत राहिल्या.

"काका, काकूंशेजारी कधीपासून बसता?"

"फौजेतनं आलो तवापासनं."

"मग ते नेहमीचंच की! ते कुणी बंद करायला सांगितलं?"

मामांचा चेहरा पडला. "म्हंजे माझ्यामुळं समदं चुकलं?"

"झालं तसं लिहू. गोळी बदलून देते. तुम्ही आधी घरी जाऊन बसा."

त्या संध्याकाळी मामांनी पाट परत पायरीशी आणला.

"संपलं का इग्यान?"

"संपलं."

मामीनं घेवड्याची पाटी सरकवून जागा केली. मनगटाकडे निघालेलं त्यांचं बोट तिनं वाटेतच धरलं आणि ओंजळीत शेंगा ओतल्या. मी घातलेल्या नावापायी त्या दोघांच्या तीन महिन्यांतल्या कितीतरी संध्याकाळी वाया गेल्या, याचं मला अजून वाईट वाटतं.

"किती मिन्टं झाली रं?" बऱ्याच वेळानं मामांनी विचारलं.

मी घड्याळ बघितलंच नव्हतं.