ढोलकीला बांधलेले घड्याळ

सारंगखेड्याच्या यात्रेतले ते घड्याळ मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले पुष्कळसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हे एक प्रकरण मात्र जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते. त्यात रक्ताचा थेंबही सांडला नव्हता.

सन तीसनंतरची ती वर्षे. मी मूळचा रत्नागिरीकडचा. नवा फौजदार म्हणून पश्चिम खानदेशात आलो, आणि पहिल्याच हिवाळ्यात दत्ताच्या यात्रेच्या बंदोबस्ताला माझी नेमणूक झाली. दोन-तीन महिन्यांत अहिराणी बोली आपल्याला समजू लागली, असा माझा तेव्हा पक्का समज होता. तो किती फोल होता ते पुढे येईलच.

यात्रेतली चौकी म्हणजे तापीच्या काठावरची एक राहुटी, एक टेबल, स्टेशन डायरी आणि पाच शिपाई. दिवसभर घोड्यांच्या बाजारातली भांडणे आणि हरवलेली माणसे. दिवस मावळला की खरी यात्रा सुरू व्हायची. एका अंगाला तमाशाचे फड, दुसरीकडे तंबूतला सिनेमा, पलीकडे छोटी सर्कस, आणि सगळीकडे गॅसबत्त्यांचा उजेड. परवाने तपासणे, तंबूला मागून वाट ठेवली आहे का ते पाहणे आणि दारू प्यायलेल्यांना आत न सोडणे, ही आमची कामे होती.

त्या वर्षी यात्रेत एक गोरा पाहुणा आला होता. इंग्रज नव्हे, युरोपातल्या कुठल्याशा लहान देशाचा. दिवस मावळल्यावर कोणत्या देशातली माणसे आपली करमणूक कशी करतात, यावर तो पुस्तक लिहीत होता म्हणे. दोंडाईचाला आगगाडीतून उतरून होडीने तापी ओलांडून आला, तो थेट चौकीवर. इथे रात्री काय काय पाहायला मिळेल, असे त्याने मला विचारले. लोक फौजदाराला रस्ता विचारतात, हरवलेली म्हैस विचारतात. तमाशा कुठला चांगला हे विचारणारा मला तोच पहिला भेटला. त्याच्यासोबत दुभाषी म्हणून दोंडाईचाचे एक मास्तर होते, सज्जन आणि भारी सोवळे.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघे पुन्हा आले, ते फिर्याद द्यायला. आदल्या रात्री तमाशाच्या तंबूत साहेबाचे खिशातले घड्याळ गेले होते. सोन्याचे, साखळीचे, त्याच्या वडिलांचे. मास्तरांनी मराठीत सांगितले आणि आमच्या जमादाराने लिहून घेतले: फडातील नाचणाऱ्या बाईने माझे घड्याळ घेतले. कलम तीनशे एकोणऐंशी, चोरी.

गोऱ्याची चोरी म्हटल्यावर बातमीला पाय फुटले. शहाद्याला मुक्कामी असलेल्या वरिष्ठांची चिठ्ठी दुपारच्या आत माझ्या हातात होती. आरोपी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत शहाद्यास हजर करावी, आणि यात्रेतील सर्व तमाशांचे परवाने रद्द करण्याबाबत अहवाल द्यावा.

खबर मिळायला वेळ लागला नाही. जिलबीवाला स्वतः चौकीवर येऊन सांगून गेला की तमासगिरांच्या राहुटीत विलायती घड्याळ आहे, आपण डोळ्यांनी पाहिले. दोन पंच घेऊन झडतीला गेलो. पेट्या उघडाव्या लागल्या नाहीत, गाठोडी सोडावी लागली नाहीत. राहुटीच्या मधल्या खांबापाशी पाटावर ढोलकी ठेवलेली होती, तिला हळदकुंकू वाहिलेले होते आणि तिच्या कडीला ते घड्याळ साखळीने बांधलेले होते. टिकटिक ऐकू येत होती.

फडाची मुख्य बाई तिशीची होती, अंगाने बारीक आणि आवाजाने खणखणीत. घड्याळ कुठून आले असे विचारताच तिने सरळ उत्तर दिले. "मी लिधं, सायेब. मी काबर नही म्हनू?"

जमादाराने जबानीत लिहिले: होय, मी घेतले.

झाले. फिर्यादी म्हणतो तिने घेतले, आरोपी म्हणते मी घेतले, आणि मुद्देमाल ढोलकीला बांधलेला. जमादार खूश झाला आणि मीही झालो, हे कबूल केले पाहिजे. पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही हे मला ठाऊक होते, पण माल तिच्याच राहुटीत सापडल्यावर कबुलीची गरजही फारशी उरत नव्हती. पहिल्याच वर्षी गोऱ्याची चोरी चार तासांत उघडकीस आणणारा फौजदार म्हणून माझे नाव होईल, असेही मनात येऊन गेले.

तिच्यावर पहाऱ्याला शिपाई ठेवून मी निघालो, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "चोरनी म्हनीसन नाव पडनं, ते मंग आमले कोनतंच गाव उभं करावं नही." तिने ना रडारड केली, ना ती पाया पडली. मागे फडातली दहा-बारा माणसे नुसती उभी होती. त्यांची वर्षाची भाकरी या एका यात्रेवर होती, आणि ती आता माझ्या अहवालावर अवलंबून होती.

जेवण काही गोड लागले नाही. चोरीचा माल लोक जमिनीत पुरतात, धान्यात लपवतात, सोनाराकडे मोडतात. हळदकुंकू वाहून ढोलकीला बांधत नाहीत. मी पुन्हा राहुटीत गेलो आणि या वेळी जमादाराला बाहेर ठेवले. बाईने समजावून सांगितले. लावणीच्या भरात कुणी खूश होऊन हात पुढे केला, की नाचणारी त्याच्यासमोर जाऊन मुजरा करते, देईल ते घेते आणि सोंगाड्या देणाऱ्याचा पुकारा करतो. याला दौलतजादा म्हणतात. यात्रेत मिळालेली पहिली मोठी दौलत यात्रा उठेपर्यंत ढोलकीला बांधायची, असा त्यांच्या फडाचा रिवाज होता. ती पुन्हा म्हणाली, "त्यानी दिधं, मी लिधं." आणि आता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की मघाशी आम्ही तिचे अर्धेच वाक्य ऐकले होते. पहिले अर्धे तिने बोलण्याची गरजच मानली नव्हती. तिच्या धंद्यात दिल्याशिवाय घेणे नव्हतेच.

पण साहेब शपथेवर सांगत होता की आपण घड्याळ बक्षीस दिले नाही. वडिलांची आठवण कोण कशाला बक्षीस देईल? मला तो खोटे बोलणारा वाटत नव्हता. मास्तरांना विचारावे तर ते तंबूत शिरलेच नव्हते. तमाशा पाहिला असे गावात कळले तर शाळेत तोंड दाखवता येणार नाही, म्हणून ते बाहेर शेकोटीपाशी बसून होते. साहेब आत एकटा.

साक्षीदार शोधायला गेलो, तर नवलच. रात्री तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती हे मी स्वतः पाहिले होते. दिवसा मात्र एकही माणूस तमाशाला गेलेला निघेना. प्रकाशा गावाकडचे एक मोठे शेतकरी, वयस्कर, चांदीच्या मुठीची काठी बाळगणारे, साहेबाच्या शेजारी पहिल्या ओळीत बसले होते असे शिपायाने सांगितले. मी नमस्कार करून विचारले. आपण दर्शनाला आलो, तमाशाचे तंबू कोणत्या अंगाला आहेत तेही आपल्याला माहीत नाही, असे ते म्हणाले. सोबत त्यांचे व्याही होते. मी फार ताणले नाही.

चौकीवर परतलो तर एक घोड्यांचा दलाल तावातावाने वाट पाहत होता. त्याची तक्रार अशी की गोऱ्या साहेबाने काल एक घोडी घेतली आणि आज तो तिला ओळख देत नाही. या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालून बोटे दाबून सौदा ठरतो, बघणाऱ्याला काही कळत नाही. साहेबाला ती गंमत वाटली. त्याने रुमालाखाली हात घातला, दलालाने बोटे दाबली, साहेबानेही हसत हसत दाबली, आणि घोडी त्याच्या तंबूपुढे येऊन उभी राहिली. मी पोट धरून हसलो, दलालाची समजूत घालून घोडी परत पाठवली, आणि हसता हसताच थांबलो. समोर येईल त्या हातात हा गृहस्थ हात देतो, आणि त्याचा अर्थ नंतर विचारतो. घोडी त्याने घेतली हे त्याला कळले नव्हते. मग घड्याळ दिले हेही कळले नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तमाशाच्या तंबूत प्रत्यक्ष प्रसंग उभा करण्याचे ठरवले. पंच बोलावले. दिवसाउजेडी पोलीस तमाशा करतात म्हटल्यावर बघ्यांची गर्दी झाली. घड्याळ साहेबाच्या खिशात ठेवले आणि त्याला परवाच्या जागी बसवले. मास्तरांनाही या वेळी आत यावे लागले. ते उपरण्याने नाक धरून खांबापाशी उभे राहिले. साहेबाच्या शेजारची जागा मी मोकळी सोडली आणि मोठ्याने म्हणालो की इथे जे बसले होते ते येऊन बसल्याशिवाय पंचनामा बरोबर व्हायचा नाही, आणि नाव विचारण्याची मला गरज नाही.

कुणी हलले नाही. बाई ढोलकीपाशी उभी होती, तिची नजर जमिनीवर. मग गर्दीतून चांदीच्या मुठीची काठी पुढे आली. म्हातारबुवा व्याह्यांच्या देखत चालत आले, साहेबाशेजारी बसले आणि काठी मांडीवर आडवी ठेवली. "लिखा, सायेब," ते म्हणाले. "मी आठेच बठेल व्हतू."

ढोलकी वाजली. बाईने लावणी धरली, आणि गात गात साहेबासमोर येऊन तिने मुजरा केला, तळहात पुढे केला. मी काही सांगण्याआधीच साहेबाचा हात खिशात गेला. त्याने घड्याळ काढले, तिच्या हातावर ठेवले, आणि खुशीत हसत टक लावून पाहत बसला.

मी मास्तरांकरवी विचारले, आता कशाची वाट पाहता? साहेब म्हणाला, ते परत येण्याची.

मग उलगडा झाला. त्याच्या देशात रात्रीच्या करमणुकीच्या थिएटरांत जादूगार येतो, पुढे बसलेल्या कुणाचे तरी घड्याळ मागून घेतो, नाहीसे करतो, आणि शेवटी टाळ्यांच्या गजरात मालकाला परत देतो. त्याला वाटले, इथेही तेच. पुकारा झाला, लोक हसले, म्हणून तोही हसला. वग संपेपर्यंत तो घड्याळ परत येण्याची वाट पाहत बसला होता. ते आले नाही, तेव्हा आपण लुटले गेलो अशी त्याची खात्री झाली.

म्हातारबुवांनी जबानी दिली. "गोरानी सोताना हातनी दिधं. मी देखं." जमादाराने या वेळी आधी माझ्याकडे पाहिले आणि मगच लिहिले.

साहेब उठून बाईपुढे गेला आणि डोक्यावरची टोपी काढून काहीतरी बोलला. मास्तरांनी सांगितले, तो क्षमा मागतो आहे. ती क्षणभर गोंधळली, मग तिने घड्याळ त्याच्यापुढे धरले. चुकून आलेली दौलत ढोलकीला चालत नाही, असे तिचे म्हणणे होते. मला त्या वेळी तिचा फार आदर वाटला, आणि आदल्या दुपारच्या माझ्या खुशीची लाजही वाटली.

आमच्या खात्यात तपासाअंती निकाल लावण्याचे वर्ग असतात. खोडसाळ खोट्या फिर्यादीला एक, आणि जी खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमजातून आलेली आहे, तिला 'सी'. मी 'सी' वर्गाचा अहवाल लिहिला, परवाने चालू ठेवण्याची शिफारस केली आणि सगळे कागद घेऊन आरोपीऐवजी मीच शहाद्याला हजर झालो. वरिष्ठांनी वाचताना दोनदा चष्मा पुसला. शेवटी त्यांना हसू आवरले नाही. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावती घेऊन घड्याळ साहेबाला परत दिले, तेव्हा त्याने एक विचित्र मागणी केली. खेळ अर्धा राहिला आहे, तो पुरा व्हावा. वडिलांचे ते घड्याळ त्याने पुन्हा बाईच्या हाती दिले, दिवसभर तिच्याकडे राहू दिले, आणि संध्याकाळी पहिल्या ओळीत जाऊन बसला. शेजारी म्हातारबुवा होते आणि त्यांच्या शेजारी, उपरणे मांडीवर ठेवून, मास्तर. लावणी संपता संपता सोंगाड्याने आपल्या फेट्याच्या पदरातून साखळी ओढून काढली आणि बाईने घड्याळ साहेबाच्या हातावर ठेवले. तंबू दणाणून गेला. साहेबाने इतक्या टाळ्या वाजवल्या की मला त्याच्या हातांची काळजी वाटली. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

पुढे मी तीस वर्षे नोकरी केली आणि शेकडो जबान्या घेतल्या. 'घेतले' हा शब्द आला की माझी लेखणी थांबायची, आणि मी समोरच्याला विचारायचो, दिले म्हणून घेतले की न देता? या एका प्रश्नाने किती तरी माणसे घरी गेली. दोन जबान्या फार सहज जुळल्या की माझे मन आजही बिचकते.

यात्रा उठली त्या सकाळी बैलगाड्या भरून फड निघाला. बाई चौकीपाशी उतरली. गाडीत ढोलकी होती, आणि ढोलकीला साहेबाची टोपी बांधलेली होती. तिने माझ्यापुढच्या डायरीकडे बोट केले.

"लिखी ठेवा, सायेब. टोपी त्यानी दिधी, मंग मी लिधी."

नोंदीची काही गरज नव्हती. तरी मी डायरी उघडली, आणि ती बोलली तसेच, तिच्याच शब्दांत लिहिले.