मूग म्हणजे चालू, चिंचोका म्हणजे बंद

आख्ख्या बीड जिल्ह्यात वीज कुणाला वचकून असेल, तर ती फक्त माझ्या दाजींना. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. सगळी नोकरी त्यांनी लाइनमन म्हणून खांबांवर काढली आणि निवृत्त झाल्यावर शिरूर कासारच्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्यावर, स्वतःचं सबस्टेशन उभारलं. मला याद्या करायची सवय असल्याने तिथला ऐवज आजही तोंडपाठ आहे: इंडक्शन शेगड्या दोन, भाताचा विजेचा कुकर, मिक्सर, एअर फ्रायर आणि एक रोटी मेकर. रोटी मेकरमधून बाजरीची पहिली भाकरी चार तुकड्यांत बाहेर आली. दाजींनी ते तुकडे ताटात जुळवून पाहिले, "पिठात दोष हाय," असा निकाल दिला आणि ते यंत्र पुढे पापडांच्या कामी लागलं. भाकरी शेवटी शेगडीवर लोखंडी तवा ठेवून, फडक्याने दाबल्यावरच फुगली.

हे सगळं हौसेचं नव्हतं. अक्काला काचबिंदू झाला होता आणि नजर दर वर्षी थोडी थोडी जात होती. एके सकाळी गॅसपाशी तिचा पदर पेटला. दाजींनी तो विझवला आणि त्याच दुपारी गॅसची शेगडी माळ्यावर टाकली. पुण्याहून माझा भाचा, अक्काचा मुलगा, सांगू लागला, दोघं इकडे या, नाहीतर स्वयंपाकाला बाई ठेवा. अक्काला दोन्ही नको होतं. चूल हातातून गेली की आपण नुसती खाटेवरची म्हातारी, असं ती मला फोनवर म्हणाली. मग दाजींनी ठरवलं की नजर पुरती गेली तरी अक्का स्वतःच्या हाताने रांधेल.

त्यासाठी त्यांनी प्रत्येक यंत्राच्या बटणांवर धान्य चिकटवलं. चालू करायचं तिथे मूग, आच वाढवायची तिथे तूर, बंद करायचं तिथे हरभरा. आठवड्यात उंदराने कुकरचा हरभरा खाल्ला, अक्काचं बोट बंदचं बटण शोधत फिरलं आणि भाताची खरपूड झाली. दाजींनी ती खाल्ली आणि हरभऱ्याच्या जागी सगळीकडे चिंचोके लावले. मग डोळ्यांवर उपरणं बांधून त्यांनी स्वतः पिठलं करून पाहिलं. मिठाऐवजी साखर पडली होती. तेही त्यांनी संपवलं आणि दुसऱ्या दिवशी मिठाच्या डब्याला सुतळी गुंडाळली.

गावात विजेचा दाब सारखा कमी-जास्त होई, म्हणून जेवायला काय आहे हे ते पंख्याकडे बघून सांगत. पंखा गरगरत असला तर वांग्याची भाजी, पाती मोजता आली तर खिचडी, आणि पाती नुसतीच डुलत असली तर भिजवलेले पोहे. अक्का हेच पुढे पंख्याच्या आवाजावरून ओळखायला शिकली.

पण कहर म्हणजे परमिट. लाइनमन खांबावर चढण्याआधी लाइन बंद असल्याचं परमिट घेतो आणि ज्याने घेतलं त्यानेच परत केल्याशिवाय कुणी वीज सोडत नाही. हा नियम दाजींनी ओट्याला लावला. शेगडी पुसायची तरी "परमिट घेतो" म्हणायचं आणि अक्काने "घ्या" म्हणायचं. एकदा आम्ही नवराबायको बीडहून जेवायला गेलो. दाजी परमिट घेऊन शेगडी पुसत असताना त्यांना कोथिंबीर आठवली. ते बाजारात गेले, तिथे खात्यातला जुना सोबती भेटला आणि इकडे दीड तास गेला. मी शेगडी लावायला उठले.

"हात लावू नकू," अक्का शांतपणे म्हणाली. "परमिट त्यांच्यापाशी हाय."

आम्ही चौघं साडेतीनला जेवलो.

गेल्या हिवाळ्यात दाजी झोपेतच गेले. तेरावा झाल्यावर अक्काला न्यायला भाचा गाडी घेऊन आला. मी आदल्या संध्याकाळीच यादी केली होती: औषधं, आधार कार्ड, गरम कपडे, ओट्यावरचं काय कुणाला द्यायचं. सकाळी पोचले तर भाचा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता आणि अक्का भाकरी थापत होती. आता तिला उजेड आणि सावली एवढंच कळतं. तिची बोटं बटणांवरून फिरली, तवा तापला, भाकरी पडली, वासावरून उलटली. शेजारच्या शेगडीवर वांगी शिजत होती. तिने असं एकटीने रांधलेलं भाच्याने कधी पाहिलंच नव्हतं.

आई, निघायला उशीर होतोय, तो म्हणाला.

"तू जेवून निघ. मी न्हाई येत."

एकटी कशी राहशील, त्याने विचारलं. अक्काने तव्यावरची भाकरी फडक्याने हळूहळू दाबली.

"तिकडं आले की मी आंधळी हाय, बाळा," ती म्हणाली. "हितं न्हाई."

भाचा हात धुऊन पाटावर बसला. मी यादीची घडी करून पर्समध्ये टाकली आणि ताटं मांडली. जेवणारे आम्ही तिघं होतो, ताटं चार झाली. माझं मोजणं सहसा चुकत नाही. अक्का चाचपत आली, तिने चौथ्या ताटाच्या काठावरून एकदा बोटं फिरवली आणि ते उचललं नाही.