पन्ह्याचा हिशेब

माझ्या बाबांनी आयुष्यभर गांधीबागेत कापड विकलं. गिऱ्हाइकानं आल्या आल्या मीटरचा भाव विचारला की त्यांच्या कपाळावर आठी चढायची. "मीटरचा भाव काय पाहून राहिले? पन्हा पाहा आधी." पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. छत्तीस इंच पन्ह्याचं कापड जिथे तीन मीटर लागतं, तिथे चोपन्नचं दोन मीटर पुरतं. मग मीटरमागे स्वस्त दिसणारं खरंच स्वस्त आहे का, हे बाबा बोलता बोलता सांगायचे. घरीही तेच. साबण वजनावर, दूध फॅटवर, सीताफळं बिया वजा करून. आई म्हणायची, "मलेही असंच तोलून आणलं असन." आम्ही सगळे हसायचो आणि मला बाबांचा अभिमान वाटायचा. आज त्यांची ती हुशारी आठवली की अंगाचा तिळपापड होतो.

आईला साखर होती. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लागायचं, आणि तिला सुईकडे पाहवत नसे, म्हणून बाबाच टोचायचे. ते काम त्यांनी कधी कोणाला करू दिलं नाही.

एका उन्हाळ्यात नेहमीची बाटली मिळेना, तेव्हा औषधवाल्यानं दुसरी दिली. औषध तेच, पण दाट. जुन्या बाटलीत एका मिलीत चाळीस युनिट असायचे, हिच्यात शंभर. मी त्या दिवशी मनीषनगरहून आईला भेटायला आले होते. बाबा भलत्या खुशीत होते. "हा मोठा पन्हा आहे," बाटली दाखवत ते म्हणाले. "चाळीसमधी वीस रेषा भरत होतो, तर शंभरमधी आठच." मी मनात गुणाकार करून पाहिला. बरोबर होता. कितीही वेळा करून पाहिला तरी तो आजही बरोबरच येतो.

फक्त औषधवाल्यानं त्याच पिशवीत सुयाही नव्या दिल्या होत्या, शंभरच्या बाटलीसाठी बनवलेल्या. त्या सुईवरच्या रेषा दाट औषध धरूनच आखलेल्या असतात. वीस युनिट हवे तर वीसच्या रेषेपर्यंत ओढायचं, बाकी डोकं चालवायचं नाही. पन्हा कारखान्यातच धरला गेला होता आणि बाबांनी तो घरी पुन्हा धरला. ज्याला हिशेब येत नाही त्या माणसानं सवयीनं वीसपर्यंत ओढलं असतं आणि माझी आई वाचली असती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं लोक सहज बोलून जातात. मला ती म्हण ऐकवत नाही.

आईला तहान लागायला लागली. मे महिन्यात नागपुरात कोणाला तहान लागत नाही? ती माठाजवळच खुर्ची टाकून बसायची. वाळली, तर आम्ही म्हटलं उन्हानं जेवण कमी झालंय. साखर मोजायचं यंत्र घरात होतं, पण त्याच्या पट्ट्या संपल्या होत्या आणि कूलरसमोरून उठून आणायला कोण जातंय! मग एका दुपारी ती हाकेला ओ देईना.

दवाखान्यातल्या सिस्टरनं मला विचारलं, "किती देत होते?" मी आठ म्हटलं आणि पिशवीतली सुई दाखवली. तिनं सुई पाहिली, डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठीवरचे वीस युनिट पाहिले, आणि हळू आवाजात मला सगळं समजावलं. बाबा तेव्हा खाली सगळ्यांसाठी चहा आणायला गेले होते. ते वर आले तेव्हा मी काही बोलले नाही. आई गेली, तेव्हाही नाही. तेराव्याला कोणीतरी विचारलं, एवढी साखर कशी वाढली? बाबा म्हणाले, "माहीत नाही बाप्पा. सुई तर एक टाइम चुकवली नाही मी." मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीवर डोकं टेकवून उभी राहिले.

हे माझ्यासोबतच संपेल, असं मी ठरवलं होतं. पण यंदा बाबांना इन्सुलिन लागलं. डॉक्टरनं दहा युनिट सांगितले. शंभरचीच बाटली आणि तिच्याच सुया घेऊन घरी आलो, तर बाबांनी चष्मा लावला, सुई उचलली आणि म्हणाले, "दहाचे चार."

सांगावं तर जिवंतपणी मारल्यासारखं, न सांगावं तर आईच्याच वाटेनं जाऊ दिल्यासारखं. मी त्यांचा हात धरला. "चार नाही बाबा. दहाच."

"काहून? तू मले हिशेब शिकवून राहिली का वं?"

"या सुईवरच्या रेषा शंभरच्याच आहेत. पन्हा धरलेला आहे त्यात."

त्यांनी सुई खिडकीकडे धरून पाहिली. बाबांना कोणतीही गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही, तेच तर दुखणं आहे.

"मंग तिच्या येळेस..." ते म्हणाले.

मी खोटं बोलायला हवं होतं. शब्दच सुचले नाहीत, आणि त्यातूनच त्यांना कळलं. सुई त्यांनी टेबलावर ठेवली.

"तिनं इचारलं होतं मले," ते म्हणाले. "म्हणे, अहो, औषध कमी तर नाई भरून राहिले? तहान जात नाई माही. मी कपाटातून कापडाचे दोन तुकडे काढले, एकावर एक ठेवून तिले पन्हा समजावून सांगतला."

"मग?"

"मंग काय. तिले पटलं. म्हणे, तुमचा हिशेब कधी चुकला आहे का?"