बाबांनी केलेला पंजा

जिल्हास्पर्धेत समोरच्या टेबलावरच्या मुलीच्या रोबोटची चाकं पाहिली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. ॲल्युमिनियमची, लेथवर कातलेली, चकचकीत. ती बाभुळगावची, तिच्या वडिलांचं लोहाऱ्याच्या एमआयडीसीत वर्कशॉप. आमची चाकं प्लास्टिकची, ऑनलाइन मागवलेली. दोघी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला, कॉलेजं वेगळी. राज्यस्पर्धेला जिल्ह्यातून एकच टीम जाणार होती आणि ती मला माझीच हवी होती.

नियम मला तोंडपाठ होते. तयार भाग विकत आणा, चालेल. पण खास बनवलेला भाग टीममधल्या मुलांनी स्वतः केलेला हवा. मी तडक परीक्षकांकडे गेले. "सर, ती चाकं तिच्या वडिलांनी करून दिलीत." सांगताना किती बरं वाटलं म्हणून सांगू!

परीक्षकांनी तिला बोलावलं.

"मीच केली, सर," ती म्हणाली. "दोन तं बिघडली बी. याचं भोक मोठं झालतं, मंग पत्र्याची पट्टी घालून बसवलं." तिने पट्टी काढून दाखवली. बोटावर कापल्याची खूण होती, ती काही तिने दाखवली नाही. ती मला दिसली आणि मी आणखीच जळले.

"आता तुमचा पंजा," परीक्षक माझ्याकडे वळले. "हा इथे आत का वाकवलाय?"

डबे उचलणारा तो पंजा बाबांनी केला होता. यवतमाळात त्यांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. खरं सांगते, तक्रार करताना मला तो आठवलाच नाही. बाबांनी केलं म्हणजे मीच केलं, असं आमच्या घरात सगळ्यांनी धरलेलं. मला तर ते कानसही हातात देत नसत. "तुह्या हाताले लागन. तू अभ्यास कर, मी करून राह्यलो ना."

मी पंजा उलटसुलट करून पाहू लागले. मागच्या खुर्च्यांतून बाबाच उठले. "सर, थे मी सांगतो! डबा निसटू नये म्हून..."

"तुम्ही बसा," परीक्षक म्हणाले आणि आमची टीम बाद झाली.

गाडीवरून परत येताना बाबा धुसफुसत होते. "मले बोलूच देलं नाही. मी बरोबर सांगतलं असतं." मी हो म्हटलं. तिच्या बापाने तिला माल नासू दिला होता, आणि स्पर्धेला तर तो आलासुद्धा नव्हता. असा बाप मला हवा होता. बाबांच्या खांद्याला धरून बसल्या बसल्या मी हेच मनात म्हणत होते.